दुखत नाही, तर कापायचं कशाला?

पोटातल्या एका धमनीवर आलेला छोटासा फुगा. ना ताप, ना कळ. पण निरवांगीतल्या आमच्या घरात त्यानं दोन महिने सगळ्यांची झोप उडवली...

बुधवारची दुपार. खराडीतलं ऑफिस, क्लायंटचा कॉल सुरू. माइक म्यूटवर, डोळे एक्सेल शीटवर आणि टेबलाखाली व्हॉट्सअ‍ॅप. (ही सवय सगळ्यांनाच आहे, उगाच नाकं मुरडू नका!) दादाचा मेसेज आला. एका सोनोग्राफी रिपोर्टचा तिरका काढलेला फोटो आणि खाली एकच ओळ, 'हे काय हाय बघून सांग. वहिनीला अजून बोललो न्हाई.'

मी सॉफ्टवेअरवाली. डॉक्टरकीशी माझा संबंध क्रोसिनपुरता. पण गावाकडच्या घरातली पुण्यात नोकरी करणारी मुलगी म्हणजे वकील, डॉक्टर, पासपोर्ट एजंट, सगळं तीच असते. फोटो झूम केला. यकृत नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल, किडन्या नॉर्मल. शेवटच्या ओळीत मात्र 'स्प्लेनिक आर्टरी अ‍ॅन्युरिझम, २.६ सेंमी' असं काहीतरी आणि पुढे सीटी अँजिओग्राफीचा सल्ला. मग मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. गुगल! आणि तिसऱ्या मिनिटाला लॅपटॉप मिटवून पॅन्ट्रीत जाऊन उभी राहिले.

आमचं निरवांगी इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या काठाला. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. चहूबाजूंनी ऊस. वहिनी एकतीस वर्षांची, तिची मुलगी सात वर्षांची. घरी शिलाई मशीन आहे आणि अख्ख्या वस्तीचे ब्लाउज वहिनीच शिवते. जेवल्यावर पोट जड वाटतं, आंबट ढेकरा येतात म्हणून पित्ताचे खडे आहेत का ते बघायला ती बारामतीला गेली होती. खडे निघाले नाहीत. निघाला हा फुगा, ज्याचा त्या ढेकरांशी काहीएक संबंध नव्हता!

आणि घरात त्या दिवाळीत विषय चालू होता तो दुसऱ्या बाळाचा.

कालवा, चारी आणि फुगलेली नळी

पुढच्या काही दिवसांत मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते दादाला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. दादा शेतकरी माणूस, त्याला मी नीरा डाव्या कालव्यापासूनच सांगायला सुरुवात केली. हृदयातून निघून पाठीच्या कण्यापुढून खाली येणारी महाधमनी हा मुख्य कालवा. पोटात शिरल्या शिरल्या तिला एक आखूड फाटा फुटतो आणि त्याच्या तीन चाऱ्या होतात. एक जठराला जाते, एक यकृताला आणि तिसरी प्लीहेला. प्लीहा म्हणजे आमची आजी जिला पाणथरी म्हणायची ती, डाव्या बरगड्यांच्या आड बसलेली. ही तिसरी चारी सरळ जातच नाही. स्वादुपिंडाच्या वरच्या कडेनं नागमोडी वळणं घेत जाते, अगदी आमच्या नदीसारखी.

या धमनीची जाडी साधारण पाच मिलिमीटर. एखाद्या ठिकाणी तिची भिंत कमजोर पडते आणि आतल्या दाबानं ती जागा बाहेर येते. उन्हात पडून मऊ झालेली ठिबकची नळी मोटार सुरू केल्यावर कशी एका जागी फुगते? तसंच. आणि गंमत अशी (गंमत कसली!) की फुगा जितका मोठा, तितका त्याच्या भिंतीवरचा ताण जास्त आणि भिंत पातळ. म्हणजे दाब तोच राहिला तरी फुगणं थांबायचं कारण नाही. याला म्हणायचं अ‍ॅन्युरिझम.

महाधमनीवरचा फुगा बऱ्यापैकी ओळखीचा आजार आहे, खास करून सिगारेट ओढणाऱ्या वयस्कर पुरुषांत. पण पोटातल्या अवयवांना जाणाऱ्या या बारक्या धमन्यांवर तो क्वचितच येतो. त्यातले साधारण साठ टक्के प्लीहेच्या धमनीवर, वीसेक टक्के यकृताच्या आणि पाच-सहा टक्के आतड्याच्या मुख्य धमनीवर. प्लीहेच्या धमनीवरच्या फुग्याची पहिली नोंद १७७० सालची, तीसुद्धा शवविच्छेदनातली. पुढे कितीतरी वर्षं हा आजार माणूस गेल्यावरच कळायचा. आता कळतो तो दुसरंच काही शोधताना. तुमच्या कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये पोटाची सोनोग्राफी असते ना? तिथेच.

बहुतेक आजारांत आपण पुरुषांचे आकडे वाचतो. इथे उलटं आहे. पुरुषाच्या तुलनेत बायकांत हा फुगा चौपट दिसतो आणि ज्यांची बाळंतपणं झालीत त्यांच्यात जास्त. गरोदरपणातले हार्मोन्स शरीरातले सांधे, स्नायू सैल करतात, तसे धमनीच्या भिंतीतले लवचिक धागेही ढिले करतात. शिवाय अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. आधीच्या बाळंतपणात कमजोर झालेल्या भिंतीवर पुढच्या बाळंतपणात आणखी भार पडतो, तोही बहुतेक वेळा शेवटच्या तीन महिन्यांत.

एरवी असा फुगा फुटण्याचा धोका फार नाही. निरनिराळ्या नोंदींत शंभरात दोन-तीनपासून दहापर्यंत. पण गरोदरपणात फुटला तर जुन्या नोंदी सांगतात, चारातल्या तीन आया वाचत नाहीत आणि बाळं तर शंभरातली नव्वदहून जास्त जातात. ही ओळ मी पॅन्ट्रीत उभी राहून वाचली होती. दादाला ती फोनवर सांगितली नाही. शनिवारी गावी जाऊन, मोटारीच्या खोलीशेजारी उभं राहून सांगितली.

घरातली पार्लमेंट

पहिला सल्ला आम्हाला मिळाला तो असा, 'घाई काय आहे? त्रास तर काही नाही. होऊ द्या बाळंतपण, मग बघू.' कुणी दिला, कुठे दिला हे सांगत नाही. हा आजार इतका क्वचित दिसतो, की एखाद्या डॉक्टरच्या उभ्या प्रॅक्टिसमध्ये तो एकदाही समोर येत नसेल. पण तो सल्ला ऐकून घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि तिथेच माझी पंचाईत झाली. कारण आता डॉक्टरच्या विरुद्ध बोलणारी मी एकटीच!

दादा म्हणाला, "ऊस जाऊ दे, बिल हातात येऊ दे, मग पुण्याला दाखवू." त्याचंही खरं होतं. कारखाने नुकतेच सुरू झाले होते आणि आमच्या फडाला तोड यायला दीड-दोन महिने तरी होते. आई म्हणाली, "पोटाला चिरा दिलेली बाई पुन्हा पहिल्यासारखी होत नसती." आणि वहिनी, जिच्या पोटाबद्दल हे सगळं चाललं होतं, ती मशीनवर काजं करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "वन्सं, दुखत न्हाई, खुपत न्हाई. मग कापायचं कशाला?"

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याला दुखणं कळतं. दात ठणकला की आपण रात्री अकराला डेंटिस्ट शोधतो. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी ऑपरेशन टेबलवर जाऊन झोपायचं, हे शिकल्यासवरल्या माणसालाही पटत नाही. साक्षात आइनस्टाइनचं उदाहरण आहे. १९४८ च्या डिसेंबरमध्ये ब्रुकलिनच्या हॉस्पिटलात रुडॉल्फ निसेन या सर्जननं त्यांचं पोट उघडलं, तेव्हा महाधमनीवर ग्रेपफ्रूटएवढा फुगा सापडला. तो कापून नवी नळी जोडायची सोय तेव्हा नव्हती. निसेननी त्याला चक्क सेलोफेनचा कागद गुंडाळला, कागदाच्या दाहानं भोवती जाड साय धरेल या आशेवर. सहा वर्षं तो टिकला. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगा फुटू लागला, तोवर फुगा काढायची शस्त्रक्रिया निघाली होती, सर्जन प्रिन्स्टनला हजरही झाले. आइनस्टाइन नाही म्हणाले. १८ एप्रिलला ते गेले.

पण आइनस्टाइन तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. वहिनी एकतीसची आहे.

मग मी कागद-पेन घेऊन बसले आणि हिशेब मांडला. सेंटिमीटरचा नव्हे, किलोमीटरचा. असा फुगा फुटला की पहिलं रक्त कधी कधी जठरामागच्या एका बंद कप्प्यात साठतं आणि तिथे दाबून राहतं. माणसाला घेरी येते, पोटात वरच्या डाव्या बाजूला कळ येते, डावा खांदा दुखतो. मग बरं वाटतं! काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनी, तो कप्पा ओसंडतो आणि रक्त पोटभर पसरतं. डॉक्टर याला दुहेरी फुटणं म्हणतात. पण ही सवलत साधारण चारातल्या एकालाच मिळते. बाकीच्यांना पहिल्या मिनिटापासून घड्याळाशीच शर्यत असते.

आता आमचं घड्याळ बघा. निरवांगीहून बारामती गाडीनं तासाभराची. बारामतीला २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्सही २०१४ पासून आहे, नाही असं नाही. पण गरोदर बाईच्या पोटात रक्तस्राव होतोय आणि तो गर्भाशयाचा नाही, प्लीहेच्या धमनीचा आहे हे कुणाला तरी सुचायला हवं. रक्ताच्या पिशव्या हव्यात, अशी धमनी बांधणारा हात हवा. तो बहुधा पुण्यात. बारामतीहून पुढे शंभर किलोमीटर. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री त्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, अनेकदा मागे लाल दिवासुद्धा नसलेले. आणि आषाढात पालखी निमगाव केतकी, इंदापुराकडे निघाली की विचारूच नका.

अमेरिकेतल्या 'सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरी'च्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, प्लीहेच्या धमनीवरचा फुगा तीन सेंटिमीटरच्या पुढे गेला तर दुरुस्त करा. लहान असेल आणि त्रास नसेल तर लक्ष ठेवून थांबता येतं. मात्र मूल होण्याच्या वयातल्या बाईच्या बाबतीत आकार बघत बसू नका. या सूचनांत रस्त्याचा उल्लेख नाही. माझं मत विचाराल तर तो असायला हवा. मोठ्या हॉस्पिटलच्या शेजारी राहणारा जेवढं थांबू शकतो, तेवढं निरवांगीच्या बाईनं थांबू नये.

हिशेबाचा कागद दादानं दोनदा वाचला. घडी घालून खिशात ठेवला. सोमवारी पहाटे आम्ही पुण्याला निघालो.

तार की टाके?

पुण्यातल्या डॉक्टरांनी सीटीचा थ्री-डी फोटो स्क्रीनवर फिरवून दाखवला. वळणावळणाची धमनी आणि मधल्या भागात एका वळणावर टपोऱ्या करवंदासारखा फुगा. वहिनी म्हणाली, "एवढंसंच हाय की!"

रस्ते दोन होते. पहिला बिनटाक्याचा. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवायची आणि प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी सोडून फुग्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्ही रस्ते बुजवायचे. पलीकडचाही का? कारण जठराकडून येणाऱ्या छोट्या धमन्या प्लीहेला मागच्या दारानं रक्त पुरवतात. त्यांच्यामुळेच मुख्य धमनी बंद केली तरी प्लीहा सहसा तग धरते, पण त्याच रक्तानं फुगा मागून भरूही शकतो. १९७५ मध्ये सेझारे जियानटुर्को यांनी अशी वेटोळी पहिल्यांदा आणली तेव्हा ती पोलादी होती आणि रक्त लवकर गोठावं म्हणून त्यांना लोकरीचे धागे लावलेले असत. हे ऐकल्यावर वहिनी पहिल्यांदा हसली.

आज जगभर बहुतेक ठिकाणी हाच रस्ता आधी धरतात. भूल कमी, घरी लवकर. पण नंतर अनेकदा सीटी करून बघत राहावं लागतं, कारण वेटोळ्यांतून रक्त पुन्हा वाट काढू शकतं. काहींना प्लीहेचा एखादा तुकडा सुकून ताप आणि दुखणं येतं.

दुसरा रस्ता शस्त्रक्रियेचा. धमनी दोन्हीकडून बांधून टाका, किंवा फुगा कापून टोकं पुन्हा जोडा, आणि फुगा प्लीहेच्या अगदी दारात असेल तर प्लीहाही काढा. प्लीहा गेली तर काही जंतूंविरुद्धची ढाल कायमची जाते. म्हणून शक्य असेल तेव्हा दोन आठवडे आधी न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लशी देतात. वहिनीलाही 'लागल्या तर असू देत' म्हणून त्या दिल्या. यकृताच्या किंवा आतड्याच्या धमनीचं गणित आणखी वेगळं. हान्स केहर या जर्मन सर्जननं १९०३ मध्ये यकृताच्या धमनीवरचा फुगा बांधून रोगी वाचवला, कारण यकृताला दुसरीकडूनही रक्त मिळतं. (डाव्या खांद्याच्या त्या दुखण्यालाही याच केहरचं नाव आहे.) आतड्याची मुख्य धमनी मात्र सरसकट बांधता येत नाही, रक्ताविना आतडं काही तासांत मरतं. तिथला फुगा शस्त्रक्रियेनं यशस्वीपणे बरा केला तो डीबेकी आणि कूली यांनी, १९५३ मध्ये.

आम्ही पहिला रस्ता निवडला. कोण नाही निवडणार? डिसेंबरच्या एका सकाळी वहिनीला कॅथलॅबमध्ये नेलं. पावणेदोन तासांनी डॉक्टर बाहेर आले, अंगावर अजून शिशाचा एप्रन. म्हणाले, "ताई, नळी फुग्यापर्यंत जाते, पलीकडे जात नाही. वळणं फार आहेत. जोर केला तर धमनी फाटेल. मी थांबलोय." मला त्या माणसाबद्दल आदर वाटला तो याच वाक्याला.

चार दिवसांनी ऑपरेशन. दादानं फडाच्या जिवावर सोसायटीतून उचल घेतली, थोडे माझे, थोडे मेडिक्लेमचे. (तुमच्या गावाकडच्या माणसांना एक सांगून ठेवा. महात्मा जोतिराव फुले योजनेत काय बसतं आणि काय नाही, हे अ‍ॅडमिट होण्याआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारायचं असतं. बिल झाल्यावर नव्हे.)

साडेतीन तास. मी त्या वेळात कॅन्टीनचे किती कटिंग प्यायले ते विचारू नका. सर्जन बाहेर आल्या आणि माझ्या हातातल्या फाइलच्या पाठीवरच चित्र काढून दाखवलं. जठर वर उचललं, स्वादुपिंडाच्या कडेला धमनी मोकळी केली, दोन्हीकडून चिमटे लावले, फुगा कापून काढला. मध्ये अंतर पडलं तर मांडीतली शीर घेऊन जोडावी लागते. पण इथे लागली नाही. ज्या वळणांनी आतून जाणारी नळी अडवली, तीच वळणं सरळ केल्यावर धमनी चांगली लांब भरली आणि दोन्ही टोकं ओढाताण न होता एकमेकांना भेटली. केसाएवढ्या बारीक धाग्यानं टाके घातले. चिमटे सोडल्यावर प्लीहा तशीच गुलाबी राहिली. रक्त द्यावं लागलं नाही.

पार्टी पाहिजे, पण...

वॉर्डात वहिनीच्या पलीकडच्या कॉटवर एका बाईंचा भाऊ भेटायला यायचा, साधारण आपल्याच वयाचा, आयटीतलाच. काही वर्षांपूर्वी त्यालाही असाच फुगा झाला होता, पण तो जातीनं वेगळा. दारूमुळे स्वादुपिंडाला वारंवार सूज आली की त्यातले पाचक रस बाहेर झिरपतात आणि शेजारून जाणारी धमनी अक्षरशः पचवू लागतात. भिंतीला भोक पडतं, बाहेर साठलेल्या रक्ताभोवती पातळ कवच धरतं. हा खोटा फुगा. याला दोन-तीन सेंटिमीटरची सवलत नाही, दिसला की उपचार. शुक्रवार रात्रीच्या प्लॅन्सबद्दल मी लेक्चर देणार नाही. पण पाठीपर्यंत जाणारी, पुढे वाकल्यावर जरा कमी होणारी पोटदुखी आली तर 'अ‍ॅसिडिटी आहे रे' म्हणून पुढचा पेग भरू नका एवढंच.

तीन टाचण्या

सहाव्या दिवशी घरी. गाडीत मी वहिनीला अलेक्सी कॅरलची गोष्ट सांगितली. रक्तवाहिन्या एकमेकींना शिवायची पद्धत बसवणारा हा फ्रेंच सर्जन, १९१२ चं नोबेल मिळालेला. लियाँ शहरात भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडून तो बारीक सुईचे टाके शिकला होता म्हणतात. त्याची युक्ती अशी, की गोल तोंडाच्या दोन नळ्या जोडताना आधी तीन ठिकाणी तीन टाके घेऊन ओढून धरायचे, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ रेषेत शिवता येतं.

वहिनी लगेच म्हणाली, "त्यात काय! बाही बसवताना आम्ही बी तेच करतो. तीन टाचण्या आन् मग शिलाई." डीबेकींनी १९५० च्या दशकात दुकानातून डेक्रॉनचं कापड आणून बायकोच्या शिलाई मशीनवर धमनीच्या नळ्या शिवल्या होत्या, हे सांगितल्यावर तर तिनं मशीन कुठल्या कंपनीचं तेही विचारलं.

तीन महिन्यांनंतरची सीटी चांगली आली. बाळाचं निदान सहा महिने तरी पुढे ढकला, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. आता तो विषय तिचा आणि दादाचा. उसाचं बिल एप्रिलमध्ये आलं, सोसायटीत गेलं.

मे महिन्यात मी गावी गेले तेव्हा वहिनी मशीनवर होती, माझाच कुर्ता शिवत. सर्जननं चित्र काढलेली ती फाइल खणात, मापांच्या वहीखाली. मी विचारलं, टोकं जुळली कशी ते तुला नीट कळलं का गं?

"कळायचंय काय त्यात," ती म्हणाली. "देवानं आत माया ठेवली हुती. चांगला टेलर ठेवतोच की." मग कुर्त्याची उलटी बाजू काढून शिवणीतलं जादा कापड दाखवलं. "तुमच्यात बी दोन इंच ठेवलीय, वन्सं. त्या ऑफिसात बसून लई वाढाय लागलाय."